आधी विहीर, मग मासा: गोव्यातल्या घरगुती अ‍ॅक्वापोनिक्ससाठी

पहिल्या वर्षी मी ५०० लिटरच्या टाकीत ६० रूपचंद सोडले होते. विकणारा म्हणाला, "पापलेटासारखा दिसतो, पटापट वाढतो, काही बघावं लागत नाही." जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री नऊला वीज गेली ती पहाटे साडेचारला आली. बॅटरी घेऊन परसात गेले तर सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडं लावून हवा घोटत होते. तांब्याने पाणी उचलायचं, उंचावरून ओतायचं, असं दोन तास केलं. उजाडल्यावर मोजले, ४३ मासे उलटे. सासूबाईंनी ते माडाच्या आळ्यात पुरले आणि एवढंच म्हणाल्या, "माडाक खत जालें."

वीज गोव्यात पावसाळ्यात जातेच, त्यामुळे दोष तिला देण्यात अर्थ नव्हता. मी आधी मासा ठरवला आणि मग टाकी, पाणी, विहीर, घरातली माणसं या सगळ्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यावं अशी अपेक्षा केली. आता फोंडा तालुक्यातलं कोणी घरी येऊन "कुठला मासा सोडू?" असं विचारलं, की मी आधी त्यांच्या विहिरीबद्दल विचारते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे. माशांची नावं हवी असतील तर ती चौथ्या पायरीत आहेत, पण तिथे उडी मारू नका.

एका वाक्यात सांगायचं तर अ‍ॅक्वापोनिक्स असं चालतं: मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं शोषतात आणि पाणी परत टाकीत येतं. माती नाही, रासायनिक खत नाही. मासे, जीवाणू आणि भाजी असे तीन भाडेकरू एकाच पाण्यात राहतात. तिघांनाही थोडी थोडी तडजोड करावी लागते.

पहिली पायरी: पाणी ओळखा

आपल्याकडे जांभा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, म्हणजे त्यात चुनखडी फारशी नसते, आणि ते आम्लाकडे झुकलेलं असतं. हा आम्लपणा पीएचच्या आकड्यात मोजतात: ७ मधला, त्याखाली आम्ल. माझ्या विहिरीचा पीएच ५.८ आहे. पिण्यासाठी ते पाणी गोड लागतं, पाहुणे नावाजतात, पण मासे आणि जीवाणू यांना ते तितकंसं रुचत नाही. पीएच ६ च्या खाली गेला की जीवाणूंचं काम मंदावतं, अमोनिया साचू लागतो. तिघांनाही चालेल असा पट्टा साधारण ६.८ ते ७.२.

विहिरीचं पाणी बादलीत काढून लगेच पीएच पाहू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे आकडा खोटा कमी दिसतो. बादलीत रात्रभर एअर स्टोन (एअर पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) चालू ठेवा आणि सकाळी मोजा. थेंबांचं साधं किट पुरतं. हातात धरायचा टीडीएस मीटर पुष्कळ जण घेतात, पण तो पाण्यात एकूण क्षार किती एवढंच सांगतो. पीएच, अमोनिया, नायट्राइट यांपैकी काहीही त्याला कळत नाही.

पीएच वाढवायचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच असतो. तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, उन्हात वाळवून कापडी पिशवीत भरा आणि पाणी जिथून वाहतं तिथे टांगा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आम्ल झालं की ती हळूहळू विरघळते, पाणी सुधारलं की थांबते. तिचा वेग तीच ठरवते, आपल्याला मोजमाप करावं लागत नाही. कोणी पानाचा चुना टाकायला सांगितला तर टाकू नका. त्याने पीएच तासाभरात उसळतो आणि तेच जास्त धोक्याचं असतं. अमोनियाचा विषारी अंश पीएचवर ठरतो: ३० अंश तापमानाला पीएच ७ असताना शंभरात जेमतेम १ भाग विषारी, ८ झाला की ७ भागांच्या वर. टाकीत आधीच थोडा अमोनिया असेल तर चमचाभर चुना जीव घेऊ शकतो.

किनाऱ्याजवळ किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या, कडेला राहणाऱ्यांनी मे महिन्यात विहिरीचं पाणी जिभेवर घेऊन बघावं. मचूळ लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या काही वाटा बंद होतात तशा काही उघडतात. ते पुढे सांगते.

नळाचं पाणी वापरणार असाल, मग ते ओपाचं असो, अस्नोड्याचं असो की साळावलीचं, त्यातलं क्लोरीन आधी उडवायला हवं. उघड्या पिंपात एक दिवस ठेवा, हवा सोडत राहिलात तर लवकर उडतं. थेट नळी लावून टाकी भरली तर मासे कदाचित वाचतील, जीवाणू मात्र नक्की मार खातील, आणि त्याचा हिशेब आठवड्याने अमोनियाच्या रूपाने येईल.

दुसरी पायरी: मासे किती, ते आकड्यात ठरवा

नवशिक्याने १००० लिटरमागे पूर्ण वाढलेले १० किलो मासे एवढीच मर्यादा धरावी. अनुभवी लोक २० किलोपर्यंत जातात, पण त्यांच्याकडे विजेची सोय चोख असते आणि ते रोज पाणी तपासतात. तुमची टाकी ५०० लिटरची असेल तर ५ किलो, म्हणजे पाव किलोचे २० मासे. हो, फक्त २०. बोटुकली आणतो तेव्हा ती अर्ध्या बोटाएवढी असते, २० मासे टाकीत दिसतही नाहीत, आणि हात आपोआप ५० कडे जातो. माझा गेला होता. टाकी आज कशी दिसते ते बघू नका, सहा महिन्यांनी कशी दिसेल ते बघा.

आता भाजीचा हिशेब. पाव किलोचा मासा दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण १ ते २ टक्के खातो. ५ किलो माशांना रोज ७५ ग्रॅम खाद्य धरा. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्यातून निघणारं पोषण पुरतं, म्हणजे दीड चौरस मीटरचा वाफा झाला. त्यात तांबडी भाजी, मायाळू, पुदिना, कोथिंबीर असं घरचं सगळं भागतं. टोमॅटो-मिरची हवी असेल तर तेवढ्याच खाद्यावर जागा थोडी कमी धरा, फळभाज्या जास्त खादाड असतात.

वाफ्यात भरायला खडी घेताना जांभ्याचे तुकडे घेऊ नका. फुकट मिळतात, पण ठिसूळ असतात आणि आठवड्यात सगळं पाणी तांबडं करून टाकतात. काळ्या दगडाची खडी घ्या, धुऊन धुऊन घ्या. तिच्यात चुनखडी आहे का हे कळायला घरची माडाची व्हिनेगर चार थेंब टाकून बघा. फेस आला तर तो दगड पीएच सारखा वर ढकलत राहणार.

तिसरी पायरी: खाणार कोण?

हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात नसतो आणि आपल्याकडे तो सगळ्यात महत्त्वाचा आहे. गोंयकाराची जीभ बांगडा, इसवण, पेडवे यांवर वाढलेली. गोड्या पाण्यातला मासा समोर आला की आधी नाकाने परीक्षा होते. सासूबाईंनी रूपचंदाचा पहिला तुकडा तोंडात टाकून ताटाच्या कडेला काढून ठेवला. "चिखलाचें नुस्तें कोण खातलो?" त्यांचं चूक नव्हतं. टाकीतल्या शेवाळासारख्या जीवांपासून पाण्यात एक मातकट वासाचं द्रव्य उतरतं आणि माशाच्या चरबीत बसतं. त्यावर उपाय आहे, शेवटच्या पायरीत सांगते.

घर शिवराक, म्हणजे शाकाहारी असेल, किंवा पाळलेल्या माशाच्या मानेवर सुरी ठेवायला कोणी तयार नसेल, तर उगाच खाण्याचे मासे आणून आठ महिन्यांनी धर्मसंकटात पडू नका. भाजीला नायट्रेट कुठल्या माशाचं आहे याने फरक पडत नाही. कोई किंवा गोल्डफिश सोडा. गोल्डफिश जातीने थंड पाण्याचा, आपल्या मेच्या उन्हात तो सुस्तावतो, तेव्हा टाकीवर सावली आणि हवा दोन्ही हवीत. कोई जास्त सोशिक, पण मोठी होते, ५०० लिटरला चार-पाच पुरे. गोल्डफिश घ्यायचे तर साध्या लांबट शरीराचे घ्या. फुगऱ्या पोटाचे, पंख्यासारख्या शेपटीचे दिसायला छान, जगायला नाजूक.

चौथी पायरी: आता मासा

काळुंदर. माझं मत विचाराल तर आपल्या पाण्याला आणि आपल्या जिभेला जुळणारा पहिला मासा हाच. खाजनात, खाडीत, मानशीजवळ (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) मिळतो तो. अंगावर मोत्यासारखे ठिपके असतात. केरळात याला करीमीन म्हणतात आणि २०१० साली त्यांनी त्याला राज्यमासा केलं. निमखाऱ्या पाण्यातला असला तरी गोड्या पाण्यात निवांत जगतो. शेवाळ कुरतडतो, तळातलं बारीकसारीक खातो, त्यामुळे टाकीच्या भिंती स्वच्छ राहतात. मे महिन्यात ज्यांची विहीर मचूळ होते त्यांच्यासाठी तर हाच. माशाला तो खारटपणा जाणवतही नाही. भाजी मात्र जपून निवडायची: घेवडा, वाल असल्या शेंगा मिठाला लगेच नाराज होतात, पालक-बीट थोडं मीठ सोसतात.

दोष दोन. एक, हळू वाढतो. वर्षभरात शंभर-दीडशे ग्रॅम झाला तरी चांगलं म्हणायचं. दुसऱ्या पायरीतला हिशेब पाव किलोच्या माशाचा आहे, काळुंदर असेल तर त्याच टाकीत ३० पर्यंत चालतील. दोन, लाजाळू आणि हाताळणीला नाजूक. जाळ्याने वारंवार उचललात, टाकीजवळ सारखी ये-जा केलीत तर खाणंच सोडतो. टाकीत एखादा मातीचा फुटका माठ आडवा ठेवा, त्याला आडोसा लागतो. खाजनातून पकडलेलं बीज आणलंत तर थेट गोड्या पाण्यात टाकू नका. आठ-दहा दिवस घ्या, टबातलं थोडं थोडं पाणी रोज काढून गोडं पाणी घाला.

तिलापिया. जगभरातल्या अ‍ॅक्वापोनिक्सचा हा लाडका, आणि त्याला कारणं आहेत. २४ ते ३२ अंशांत खुशाल राहतो, म्हणजे गोव्याचं जवळजवळ सगळं वर्ष. कमी ऑक्सिजन सोसतो, काहीही खातो, पाणी बिघडलं तरी दोन दिवस तग धरतो. नीट ठेवला तर सात-आठ महिन्यांत ताटाएवढा. पण त्याच्याबरोबर दोन गाठोडी येतात. पहिलं, संतती. दोन-तीन महिन्यांचा झाला की अंडी घालतो, मादी ती तोंडात धरून उबवते, आणि बघता बघता २० चे २०० होतात. मग कोणीच वाढत नाही, सगळे बोटाएवढेच राहतात. त्यासाठी सगळे नर असलेलं एकलिंगी बीज घ्यावं लागतं. दुसरं, कायदा. मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणला, आणि तो दिसेल त्या पाण्यात पसरून इथल्या माशांच्या मुळावर येतो म्हणून १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घातली. आज शेतीसाठी परवानगी आहे ती नाईल तिलापियापासून निवडपैदाशीने तयार केलेल्या गिफ्ट जातीला आणि एकलिंगी बीजाला, तीही मान्यताप्राप्त बीजकेंद्रातून आणि राज्याच्या परवानगीने. तेव्हा बादलीत दहा तिलापी कोणी फुकट देत असेल तर नमस्कार करा, पणजीला मत्स्योद्योग खात्यात जाऊन नियम विचारा आणि मगच पुढे जा. मी स्वतः तिलापिया ठेवत नाही. माझ्या परसाचं पाणी उताराने ओहळाला मिळतं, आणि पावसाळ्यातल्या ओहळाला कुठलीही टाकी लांब नसते.

चोणक. नाव काढलं की सगळ्यांच्या डोळ्यांत चमक येते. गोड्या पाण्यात वाढतो, ऑस्ट्रेलियात लोक याच पद्धतीने वाढवतात, हे सगळं खरं. पण तो शिकारी आहे. ४० ते ४५ टक्के प्रथिनांचं महागडं खाद्य लागतं, आणि लहान असताना जरा मोठा झालेला भाऊ धाकट्याला गिळतो. दर आठवड्याला आकारानुसार वेगळे करावे लागतात. दोन-तीन वर्षं हात बसल्यावर करा, पहिल्या वर्षी नको.

रूपचंद. पापलेटाशी त्याचं नातं नाही, तो अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिरान्याचा चुलता आहे, आणि तोंड उघडून बघितलंत तर दात माणसाच्या दाढांसारखे दिसतात. वाढतो भराभर हे खोटं नाही. पण ५०० लिटरमध्ये तो सहा महिन्यांत अडकल्यासारखा होतो, एकमेकांची शेपटी कुरतडतो. परदेशी असल्याने ओहळात जाऊ न देण्याची जबाबदारी तिलापियासारखीच.

पंगस, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून येतो तो. वरून हवा घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तरी रूपचंदासारखा मरत नाही. पण भित्रा आणि लांबलचक. सावली पडली की धडक देतो, लहान टाकीत नाक फुटतं, आणि दहा महिन्यांत किलोच्या वर जातो. गोल टाकी २००० लिटरची असेल तर विचार करा.

रोहू, कटला, मृगळ हे तळ्याचे मासे. परसातल्या टाकीत त्यांना कोंडणं म्हणजे गव्याला गोठ्यात बांधण्यासारखं.

गोरामी, तोही मोठा गोरामी. याच्याबद्दल फार कोणी बोलत नाही. पाला खातो, अळूची पानं, कोबीची बाहेरची पानं, वाफ्यातली उरलेली भाजी. हवेतून श्वास घेतो. वाढ संथ, पहिलं वर्ष तर दिसतच नाही. ज्याला घाई नाही आणि विजेचा भरवसा नाही त्याच्यासाठी चांगला.

मागूर देशी असेल तर ठीक, पण बाजारात देशी म्हणून आफ्रिकन मागूर गळ्यात मारला जातो आणि त्यावर आपल्या देशात बंदी आहे. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. ओळख पटत नसेल तर घेऊच नका.

एका टाकीत एकच जात ठेवा. काळुंदर आणि तिलापिया एकत्र ठेवलेत तर पहिल्या मिनिटात तिलापिया सगळं खाद्य फस्त करतो आणि काळुंदर माठात बसून बघत राहतं. वाफ्यातून उतरणारं पाणी साठवायला खाली वेगळी टाकी असेल तर तिच्यात मात्र दहा-बारा गप्पी मासे सोडा, नाहीतर तिथे डासांच्या अळ्या होतील आणि घरोघर टाक्या तपासायला येणारे आरोग्य खात्याचे लोक तुम्हाला ऐकवतील, रास्तच.

पाचवी पायरी: टाकी मुरू द्या

ही पायरी कोणाला आवडत नाही. माशांशिवाय टाकी महिना-दीड महिना चालवायची. रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, जणू मासे आहेतच. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जीवाणू वाढतात. किटमध्ये आधी अमोनिया चढताना दिसेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसू लागेल. त्या दिवशी टाकी मुरली. आपल्या उष्ण हवेत हे काम थोडं लवकर होतं. ओळखीत कोणाची चालू टाकी असेल तर तिच्या वाफ्यातली बादलीभर ओली खडी आणा. दह्याला विरजण लावतो तसंच आहे हे.

चवथीच्या सुमारास टाकी भरायला घेतली तर ऑक्टोबरात मासे सोडता येतात. पाऊस ओसरलेला असतो, उन्हाचा तडाखा अजून यायचा असतो.

सहावी पायरी: बीज आणताना

मत्स्यबीजाची चौकशी मत्स्योद्योग खात्यात आणि जुने गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत करा. दोन ठिकाणी विचारून घेतलेलं बरं.

पिशवी हातात आली की उजेडाकडे धरून बघा. चांगलं बीज एकसारख्या आकाराचं असतं, पिशवीला टिचकी मारली की सगळं एका बाजूला पळतं. एखादं कोपऱ्यात डोकं खाली घालून लटकत असेल, पर मिटलेले असतील, अंगावर कापसासारखे पांढरे ठिपके असतील, तर अख्खी पिशवी परत करा. "एकच तर आहे" असं विकणारा म्हणेल. ते एकच पुरतं.

सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना आणा. पिशवी न उघडता टाकीत १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग तोंड उघडून टाकीतलं वाटीभर पाणी आत घाला, पाच मिनिटं थांबा, परत वाटीभर. असं चार-पाच वेळा. मग मासे छोट्या जाळीने उचलून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, त्या पाण्यात प्रवासभराचा अमोनिया साठलेला असतो. पहिल्या दिवशी खायला घालू नका. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, आणि पाच-दहा मिनिटांत संपेल तेवढंच. उरलेलं खाद्य लगेच काढा.

काळुंदर, गोरामी, कोई यांना २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य पुरतं. पावसाळ्यात एकदम दहा किलोचं पोतं घेऊ नका. आपल्या दमट हवेत त्याला दोन आठवड्यांत बुरशी येते आणि बुरशीचं विष यकृतात जातं. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन किलो बस.

सातवी पायरी: पावसाळ्याची तयारी

आधी वीज. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतच नाही, २० अंशांना ९ मावतो. म्हणजे आपल्या पाण्यात उसनवारीला जागा कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर पाण्याचा पंप नाही, एअर पंप त्यावर जोडा. वाफ्यातून पाणी काही तास फिरलं नाही तरी चालतं, हवा थांबली तर चालत नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप आणून ठेवा. ४३ माशांच्या किमतीपेक्षा तो स्वस्त पडतो, मी दोन्ही खर्च केले आहेत. वीज जाईल असं वाटत असेल त्या संध्याकाळी खाद्य घालू नका. भरल्या पोटी माशाला ऑक्सिजन जास्त लागतो.

मग पाणी. पावसाच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारं काहीच नसतं. मुसळधार पावसात टाकी उघडी राहिली तर शिंपल्यांनी महिनाभरात कमावलेलं दोन दिवसांत वाहून जातं. टाकीवर पत्रा किंवा जाड प्लास्टिक घाला, आणि ओसंडणाऱ्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, मासा बाहेर जाऊ नये म्हणून. वर शेडनेट वर्षभर असू द्या. खंड्या एकदा जागा बघून गेला की रोज सकाळी हजेरी लावतो, आणि पाणदिवड रात्री येते.

आता कुळागरवाल्यांसाठी, म्हणजे सुपारीच्या बागा असणाऱ्यांसाठी. पावसाच्या तोंडाला सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि मऊ, आम्ल पाण्यात तांबं माशांना जास्तच विषारी ठरतं. आपलं पाणी नेमकं तसंच आहे. माझ्या शेजाऱ्यांच्या सुपाऱ्या टाकीपासून वीस पावलांवर आहेत. फवारणीच्या दिवशी ते हाक मारतात, मी टाकी पूर्ण झाकते आणि दोन दिवस पत्र्यावरून गळणारं पाणी बाजूला वळवते. शेजाऱ्याशी हे आधी बोलून ठेवा, फवारा सुरू झाल्यावर नव्हे.

आठवी पायरी: काढणी

ऑक्टोबरात सोडलेले मासे जूनपर्यंत आठ महिन्यांचे होतात आणि हा योग चांगला जुळतो. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी, बाजारात ताजं नुस्तं महाग आणि थोडं. श्रावण लागला की अनेक घरांत चवथीपर्यंत मासे बंदच. म्हणजे तुमच्या टाकीची खरी गरज त्या सात-आठ आठवड्यांत आहे. काळुंदर जूनला लहान वाटलं तर आणखी वर्षभर ठेवा, त्याचं काही बिघडत नाही.

काढायचे मासे तीन दिवस आधी वेगळ्या टबात, स्वच्छ पाण्यात, हवा सोडून ठेवा. खाद्य अजिबात नाही. पाणी रोज बदला. तो मातकट वास याने जवळजवळ जातो. गेल्या जुलैत मी सहा काळुंदर असे ठेवले, मीठ-हळद-आगळ लावून रव्यात तळले आणि कोणाला काही सांगितलं नाही. सासूबाईंनी एक संपवलं, दुसऱ्याकडे हात नेताना विचारलं, "खाजनांतलें काय?" मी हो म्हटलं. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सगळे मासे एकदम काढू नका. एकदम टाकी रिकामी झाली तर जीवाणू उपाशी, भाजी पिवळी. आठवड्याला चार-पाच काढा, आणि निम्मे झाले की नवं बीज आणा. ते थेट मोठ्यांत सोडायचं नाही, गिळलं जातं. टाकीतच एक छिद्रांची प्लास्टिकची टोपली दगड घालून अर्धी बुडवा, वर जाळी बांधा आणि बोटुकली महिनाभर तिच्यात ठेवा. पाणी तेच, फक्त मधे भिंत. छिद्रं किती मोठी चालतील याची परीक्षा सोपी आहे: बोटुकलीचं डोकं आत शिरत नाही तेवढी.